चार वर्षं खंदकात, आणि कुणाचं काहीच बिघडलं नाही?

आमच्या घरच्या ग्रुपवर एक मजकूर दर दोन-तीन महिन्यांनी उगवतो. पाठवणारा दर वेळी वेगळा, मजकूर तोच. चिखलात उभ्या सैनिकांचा काळा-पांढरा फोटो आणि खाली साधारण असा आशय: पहिल्या महायुद्धात अठरा-वीस वर्षांची पोरं चार वर्षं खंदकात राहिली. गुडघाभर चिखल, उंदीर, उवा, डोक्यावर तोफगोळे. कुणी तक्रार केली नाही. तेव्हा डिप्रेशन नव्हतं, समुपदेशक नव्हते. जो कच खाई त्याला गोळी घालत, म्हणून कुणी कच खात नसे. आपले हिंदी शिपाईसुद्धा सातासमुद्रापार हूं की चूं न करता लढले. युद्ध संपलं, सगळे घरी आले, नांगराला हात घातला, संसार केला. आणि आजची पोरं दोन मार्क कमी पडले की… पुढचं तुम्हालाही पाठ असेल.

शेवटच्या वाक्यावर मला काही म्हणायचं नाही. आजच्या पोरांची बाजू मांडायला ती पोरं समर्थ आहेत. माझा राग वेगळा आहे. ज्यांच्या नावावर हा उपदेश खपवला जातो, त्यांचं काय झालं हे त्यांच्याच सैन्यांनी, डॉक्टरांनी आणि लष्करी न्यायालयांनी लिहून ठेवलंय. किती पाय सडले, किती जणांची वाचा बसली, किती जणांना पहाटे खांबाला बांधलं, सगळ्याच्या नोंदी आहेत. त्या न उघडता त्या माणसांचे दगडी पुतळे करायचे आणि ते आपल्या मुलांच्या डोक्यात घालायचे, हे काही बरं नव्हे. तेव्हा एकेक विधान घेऊ.

"चार वर्षं खंदकात राहिले"

नाही राहिले. राहूच दिलं नाही. १९१४ च्या शरद ऋतूत बेल्जियमच्या किनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर खंदकांची रांग पडली आणि १९१८ पर्यंत ती फारशी हलली नाही, हे खरं. पण त्या रांगेतली माणसं सतत हलत होती. ब्रिटिश पलटण साधारण चार ते आठ दिवस पुढच्या खंदकात, मग मागच्या आधार-खंदकात, मग राखीव फळीत, मग आणखी मागे एखाद्या गावात, असा फेरा असे. एका तरुण ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९१६ सालचा स्वतःचा हिशेब मांडला होता: ६५ दिवस अगदी पुढच्या खंदकात, ३६ दिवस त्याच्या पाठीशी, १२० दिवस राखीव, ७३ दिवस विश्रांती, उरलेले प्रवास, प्रशिक्षण, रजा वगैरे. म्हणजे ज्या वर्षी उत्तर फ्रान्समधल्या सोम नदीकाठची मोठी लढाई झाली त्या वर्षीसुद्धा हा माणूस पुढच्या खंदकात जेमतेम दोन महिने होता. (विश्रांती हा शब्दही सैन्याच्या अर्थानं घ्या. 'विश्रांती'वरच्या पलटणीला रात्री काटेरी तारांची भेंडोळी आणि फळ्या खांद्यावर घेऊन पुढे पोचवायचं काम असायचंच.)

आता कुणी म्हणेल, बघा, म्हणजे एवढं काही कठीण नव्हतं. उलट आहे. हा फेरा सेनापतींनी दयेपोटी लावला नव्हता. पुढच्या फळीत माणूस किती दिवसांनी निकामी होतो याचा अंदाज त्यांना आला होता, म्हणून लावला. आणि जिथे तो नीट पाळला गेला नाही तिथे काय होतं तेही दिसलं. १९१७ च्या वसंतात एक मोठी चढाई फसल्यावर फ्रेंच सैन्याच्या जवळपास निम्म्या डिव्हिजनांमध्ये (म्हणजे हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्यांमध्ये) बंडाळी पसरली. शिपाई म्हणाले, खंदक धरून ठेवू, पण निरर्थक हल्ल्याला जाणार नाही. सेनापती पेतँ यांनी काही जणांना गोळ्या घातल्या हे लोक सांगतात. त्यांनी त्याच वेळी दर चार महिन्यांनी सात दिवसांची रजा बांधून दिली, जेवण सुधारलं आणि विश्रांतीच्या जागा नीट केल्या, हे कुणी सांगत नाही. 'कुणी तक्रार केली नाही' हे विधान इथेच निकालात निघतं.

खंदकाबद्दल आणखी एक गैरसमज त्या फोटोतून पसरतो: खंदक म्हणजे मरणाचा सापळा. प्रत्यक्षात खंदक हा जीव वाचवण्याचा उपाय होता. २२ ऑगस्ट १९१४ या एका दिवसात सुमारे २७,००० फ्रेंच सैनिक मेले, आणि तेव्हा खंदकांची रांग पडायची होती; ती माणसं उघड्या शेतांतून चालत गेली होती. १ जुलै १९१६ ला सोमवर १९,२४० ब्रिटिश सैनिक मेले ते बहुतांशी खंदकातून बाहेर पडून काटेरी तारांकडे चालत जाताना. खंदक नागमोडी खणत, का, तर एक गोळा आत पडला तर त्याचा मारा एका वळणापुरताच राहावा आणि शत्रू आत घुसला तर त्याला सरळ रेषेत गोळ्या झाडता येऊ नयेत. डोकं खाली ठेवलं तर जगण्याची शक्यता बरी होती.

फक्त डोकं खाली ठेवून बसायचं होतं, आणि खरी गोम तिथेच आहे. ब्रिटिशांच्या निम्म्याहून जास्त जखमा तोफगोळ्यांच्या आणि उखळी तोफांच्या होत्या. संगिनीच्या जखमा शेकडा एकसुद्धा भरत नाहीत. म्हणजे ज्याच्याशी लढायचं तो दिसत नाही, त्याच्यावर बंदूक उचलून उपयोग नाही, पळायला जागा नाही. काही मैलांवरून कुणीतरी तोफेची दोरी ओढतो आणि तुम्ही मातीच्या भिंतीला पाठ लावून मोजत बसता. सोमच्या आधी आठवडाभरात ब्रिटिशांनी पंधरा लाखांहून जास्त गोळे डागले. पलीकडच्या जर्मन सैनिकानं तो आठवडा खोल भुयारात काढला. त्याला खरचटलंही नसेल कदाचित. त्याला काही झालं नसेल असं समजणं मात्र भाबडेपणाचं आहे.

या बाबतीत, युद्धात मनानं कोलमडलेल्या सैनिकांवर उपचार करणारे ब्रिटिश डॉक्टर रिव्हर्स यांचं एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. हवाई दलातल्या रुग्णांत त्यांना दिसलं की स्वतः विमान चालवणाऱ्यांपेक्षा त्याच्या मागे बसणारा निरीक्षक जास्त कोलमडतो, आणि सर्वांत जास्त कोलमडतो तो दोरखंडानं बांधलेल्या फुग्यातून टेहळणी करणारा. वैमानिकाला धोका कमी नव्हता. पण त्याच्या हातात विमान वळवायची काठी होती, त्याला वळता येत होतं. फुग्यातला माणूस टांगलेला. खंदकातला शिपाई हा जमिनीतला फुगेवाला होता.

"चिखल, उवा, उंदीर निमूट सोसले"

निमूट सोसून चाललं नसतं, म्हणून सैन्यानं त्याचा मोठा व्याप केला. पहिल्याच हिवाळ्यात एकट्या ब्रिटिश सैन्यात 'ट्रेंच फूट'चे सुमारे २०,००० रुग्ण झाले. थंड पाण्यात बूट घालून दिवसचे दिवस उभं राहिलं की पायाचा रक्तपुरवठा आखडतो. पाय आधी बधिर, मग निळसर, मग सुजून दुप्पट, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर काळा पडून कापायची वेळ. यावर उपाय काय निघाला? देवमाशाचं तेल आणि मोजे. शिपाई जोडीजोडीनं खंदकाच्या पायरीवर बसत, एक दुसऱ्याचे बूट ओढून काढी, पाय मांडीवर घेऊन घोट्यापर्यंत तेल चोळी, कोरडे मोजे चढवी, मग जागा बदलत. वर अधिकारी पाय तपासत फिरे, आणि पलटणीत पाय सडायला लागले तर जाब कमांडिंग अधिकाऱ्याला द्यावा लागे.

माझे मामा फौजेत हवालदार होते. खंदकाला ते कधी खंदक म्हणाले नाहीत, 'मोर्चा' म्हणायचे. निवृत्तीनंतर वीस वर्षांनीही ओल्या मोज्यानं घरात वावरणाऱ्या माणसावर ते जेवढे चिडत तेवढे दुसऱ्या कशावर चिडताना मी पाहिले नाहीत. ती शिस्त कुठून खाली झिरपत आली असेल याचा अंदाज मला हे वाचल्यावर आला.

उवांचं थोडक्यात सांगतो. सदऱ्याच्या शिवणीवरून मेणबत्तीची ज्योत फिरवून लिखा जाळणं हा खंदकातला रोजचा उद्योग होता. १९१५ मध्ये डॉक्टरांना एक नवाच ताप दिसला: नडगीत असह्य ठणका, ताप उतरतो आणि साधारण पाच दिवसांनी पुन्हा चढतो. त्याला 'ट्रेंच फीवर' नाव पडलं. तो उवांमुळे पसरतो हे नक्की व्हायला १९१८ उजाडलं. तोपर्यंत लाखो मनुष्यदिवस त्यानं खाल्ले होते.

"तेव्हा डिप्रेशन नव्हतं"

शब्द वेगळा होता. आणि तो शब्द याच खंदकांतून जगभर गेला, ही त्या फॉरवर्डमधली सर्वांत मोठी थट्टा आहे.

फेब्रुवारी १९१५. युद्ध सुरू होऊन जेमतेम सहा महिने झालेत. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात चार्ल्स मायर्स हे डॉक्टर तीन सैनिकांची हकीकत छापतात. पहिला वीस वर्षांचा शिपाई. एका खंदकातून दुसरीकडे जाताना काटेरी तारांत अडकला, आणि सुटायची धडपड चालू असताना आजूबाजूला गोळे फुटत राहिले. अंगावर मोठी जखम नाही. पण त्याची दृष्टी आखडली. बोगद्यातून पाहावं तसं फक्त समोरचं दिसू लागलं. वास आणि चव गेली. बाकी दोघांचं थोड्याफार फरकानं तेच, शिवाय स्मृतीचे घोळ. मायर्स यांनी शीर्षकात 'शेलशॉक' हा शब्द वापरला. तो त्यांनी घडवला नव्हता, शिपायांच्या तोंडी आधीच होता; छापला गेल्यावर मात्र तो सगळीकडे पसरला.

मग रुग्णालयं भरू लागली. हात थांबत नाहीत असे थरथरणारे. पाठीला काही झालेलं नसताना कंबरेत वाकून चालणारे, सरळ उभे राहू न शकणारे. डोळे शाबूत पण आंधळे. घसा शाबूत पण मुके. रात्री ओरडत उठणारे. युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यात अशा सुमारे ८०,००० रुग्णांची नोंद झाली, आणि ही फक्त नोंद झालेल्यांची संख्या. जर्मन, फ्रेंच, ऑस्ट्रियन, इटालियन, सगळ्या सैन्यांत हेच चाललं होतं.

सुरुवातीला डॉक्टरांना वाटलं की स्फोटाच्या दाबानं मेंदूत बारीक इजा होत असावी. पण मग ज्याच्या जवळपासही गोळा फुटला नाही असे रुग्ण तेच सगळं घेऊन येऊ लागले. इथे सैन्याच्या कारकुनी डोक्यानं कमाल केली. शेलशॉकचे दोन प्रकार ठरवले: 'डब्ल्यू', म्हणजे शत्रूच्या गोळ्यानं झालेला, आणि 'एस', म्हणजे नुसता आजार. पहिल्याला जखमी सैनिकाचा मान, बाहीवर पट्टी, पेन्शनचा हक्क. दुसऱ्याला काही नाही. आता गोळा किती फुटांवर फुटला याचा दाखला द्यायचा कुणी? ज्याला स्वतःचं नाव आठवत नाही त्यानं?

१९१७ च्या जूनमध्ये तर फर्मानच निघालं की 'शेलशॉक' हा शब्द कुठल्याही अहवालात लिहायचा नाही आणि तोंडानंही उच्चारायचा नाही. त्याऐवजी 'एन. वाय. डी. एन.' असं लिहायचं. त्याचा अर्थ, निदान अजून व्हायचंय, मज्जातंतूंचं काहीतरी. तेव्हा 'त्या काळी असले शब्द नव्हते' असं जे म्हणतात त्यांना एवढंच सांगायचंय की शब्द होता. हजारोंच्या तोंडी होता. वरून बंदी घालावी लागली एवढा होता.

स्फोटाचा सिद्धांत मात्र अगदीच मोडीत काढू नका. २०१६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी अलीकडच्या युद्धांत स्फोटात सापडलेल्या काही सैनिकांच्या मेंदूंची मरणोत्तर तपासणी केली आणि त्यांना एका विशिष्ट प्रकारचे व्रण दिसले, जे इतर मेंदूंत दिसत नाहीत. म्हणजे 'शरीर की मन' हा वाद तेव्हा जितका सरळ मांडला गेला तितका सरळ नाही.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी, आणि ती त्या फॉरवर्डच्या बाजूची आहे. बहुसंख्य सैनिक रुग्णालयापर्यंत पोचले नाहीत. लाखो माणसांनी ते दिवस काढले, त्यात विनोद केले, गाणी रचली, मागच्या गावात फुटबॉल खेळले. पण ते कशाच्या जोरावर टिकले ते पाहा: शेजारचा ओळखीचा माणूस, गरम जेवण, घरचं पत्र, ठरल्या दिवशी होणारी बदली, आणि पोरांची काळजी घेणारा पलटणीतला एखादा अधिकारी. यातलं एकेक काढून घेतलं की तेच कणखर लोक कोसळत. कणखरपणा त्यांच्या हाडात कोरलेला असता तर कोण कधी कोसळेल हे आधीच सांगता आलं असतं. ते कुणालाच सांगता येईना. पदकं मिळवलेले शूर अधिकारी कोसळले.

"समुपदेशक नव्हते"

होते. कसे होते, हा प्रश्न विचारा.

वर ज्यांचा उल्लेख आला ते रिव्हर्स आपल्याला अगदीच परके नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते निलगिरीत येऊन तोडा लोकांत राहून गेले होते. १९०६ मध्ये त्यांचा तोडांवरचा जाडजूड ग्रंथ निघाला. त्याच माणसाकडे युद्धात एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयातले अधिकारी बोलायला बसत. रिव्हर्स यांचं म्हणणं साधं होतं: जे पाहिलं ते विसरायचा प्रयत्न करू नकोस. दाबून ठेवशील तर रात्री वर येईल. बोल. १९१७ सालचा हा सल्ला आहे, आणि आज समुपदेशकाच्या खोलीत जे चालतं त्याचा एक झरा तिथून निघतो.

पण हे अधिकाऱ्यांसाठी. साध्या शिपायाचं नशीब बहुतेकदा वेगळं. निदानातही भेद होता: अधिकाऱ्याला 'न्यूरास्थेनिया', म्हणजे थकलेले मज्जातंतू, शिपायाला 'हिस्टेरिया'. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात डॉ. येलँड यांच्याकडे एक चोवीस वर्षांचा शिपाई आला. बेल्जियम-फ्रान्समधल्या मॉन्सपासून लूसपर्यंतच्या लढायांतून तो गेला होता आणि शेवटी ग्रीसमधल्या सालोनिकात कोसळला होता. नऊ महिने मुका. आधीच्या डॉक्टरांनी त्याच्या जिभेला पेटत्या सिगारेटी लावून पाहिल्या होत्या, घशात तापवलेल्या पट्ट्या घालून पाहिल्या होत्या. येलँड यांनी दार आतून बंद केलं, अंधार केला आणि घशाला विजेचे झटके द्यायला सुरुवात केली. चार तास. बोलल्याशिवाय इथून सुटका नाही, असं त्याला सांगितलेलं. तो बोलला. येलँड यांनी हे सगळं अभिमानानं लिहून ठेवलं.

तेव्हा पूर्वीच्या पिढीनं उपचारांशिवाय निभावलं म्हणणाऱ्यांनी हा उपचार डोळ्यांसमोर आणावा. जर्मनीतही विजेचे झटके आणि लष्करी हुकूम यांचं मिश्रण असलेली पद्धत जोरात होती. दुसरीकडे, आघाडीपासून थोड्याच अंतरावर रुग्णाला ठेवायचं, दोन-चार दिवस झोप, जेवण, धीर द्यायचा, आणि 'तू बरा होऊन परत जाणार आहेस' असं ठसवायचं, ही रीत आधी फ्रेंचांनी आणि मग इतरांनी स्वीकारली, आणि तिनं बरेच जण सावरले. तिच्यामागचा हेतू माणूस बरा करण्यापेक्षा बंदूक धरणारा हात परत मिळवण्याचा होता हे खरं, पण आजच्या सैन्यांतल्या मानसोपचाराचा पाया तिथेच पडला.

"कच खाणाऱ्याला गोळी घालत, म्हणून कुणी कच खात नसे"

हॅरी फार. वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा शिपाई, वय पंचवीस. १९१५ मध्ये शेलशॉकसाठी पाच महिने रुग्णालयात. तिथून बायकोला येणारी पत्रं नर्सच्या हस्ताक्षरात असत, कारण त्याचा हात लेखणी धरू शकत नव्हता. बरा ठरवून परत पाठवला. नंतर पुन्हा उपचार घ्यावे लागले, पुन्हा परत. सप्टेंबर १९१६ मध्ये सोमवर तो म्हणाला, मला नाही सहन होत, आणि पुढे जायला नकार दिला. लष्करी न्यायालयात त्याच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. सुनावणी वीसेक मिनिटांत आटोपली. ऑक्टोबरमध्ये एका पहाटे त्याला गोळ्या घातल्या. डोळ्यांना पट्टी बांधायला तो नको म्हणाला. भेकड म्हणून मारलेल्या माणसाची ही शेवटची नोंद. इकडे बायकोची पेन्शन बंद झाली.

पलायन, भेकडपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ सैनिकांना असं मारलं, आणि २००६ मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदा करून त्यांना माफी दिली, हॅरी फारसुद्धा त्यात. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला त्यांचं स्मारक आहे: डोळ्यांवर पट्टी बांधलेला एक तरुण आणि त्याच्यामागे मारलेल्यांच्या नावांचे लाकडी खांब.

पण फॉरवर्डचा मुद्दा न्याय-अन्यायाचा नाहीच. तो म्हणतो की धाकानं काम झालं. मग हे बघा. सर्व गुन्हे धरून ब्रिटिश लष्करी न्यायालयांनी ३,००० हून जास्त मृत्युदंड सुनावले आणि अंमल झाला सुमारे ३४६ चा. बाकीच्यांतल्या बऱ्याच जणांना परत मोर्च्यावर पाठवलं, कारण माणसं हवी होती. जर्मन सैन्यानं, ज्याच्या कडक शिस्तीचे गोडवे आपण गातो, संपूर्ण युद्धात ४८ सैनिकांच्या मृत्युदंडाचा अंमल केला. ऑस्ट्रेलियानं आपल्या एकाही सैनिकाला मारू दिलं नाही. (ऑस्ट्रेलियन पलटणींत बिनपरवाना गायब होण्याचं प्रमाण जास्त होतं, हेही सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी खाली येऊन सांगेलच. लढाईत मात्र त्यांना कुणी कमी लेखलं नाही.) आणि ज्या ब्रिटननं हा धाक वापरून पाहिला त्यानंच १९३० मध्ये पलायन आणि भेकडपणासाठीचा मृत्युदंड रद्द केला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, उत्तर आफ्रिकेतून सेनापती ऑकिनलेक यांनी तो परत आणा म्हणून मागणी केली. सरकारनं नकार दिला. युद्ध त्याशिवायच जिंकलं गेलं.

"आपले शिपाई हूं की चूं न करता लढले"

इथे मला जास्त बोलावंसं वाटतं, कारण ही आपली माणसं.

२६ सप्टेंबर १९१४ ला हिंदी सैन्य फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरू लागलं. लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन ऑक्टोबरअखेर बेल्जियममधलं ईप्र आणि फ्रान्समधलं न्यव शापेल यांच्या आसपास खंदकांत होत्या, बऱ्याच जणांच्या अंगावर अजून उन्हाळी खाकी. पहिला हिवाळा त्यांनी त्या खंदकांत काढला. मार्च १९१५ मध्ये न्यव शापेलला हल्ला करणाऱ्या फौजेतला मोठा वाटा त्यांचा. एप्रिलमध्ये ईप्रजवळ क्लोरीन वायू सुटला, त्यानंतर चारच दिवसांनी लाहोर डिव्हिजन तिथे हल्ल्यात होती. वायूपासून बचावाला नीटसा मुखवटा नव्हता. ओलं फडकं तोंडावर धरायचं.

हे शिपाई गप्प होते का? त्यांची पत्रं तपासायला सरकारनं फ्रान्समधल्या बुलोनला खास कचेरी उघडली होती. तिथे पत्रं वाचून त्यांचे इंग्रजी उतारे वर पाठवले जात, म्हणून आज ती वाचायला मिळतात. जानेवारी १९१५ मध्ये इंग्लंडच्या रुग्णालयातून एक जखमी राजपूत घरी लिहितो की याला युद्ध समजू नका, हा जगाचा अंत आहे, महाभारतात सांगितलंय तसं चाललंय. दुसरा एक जण लिहितो की भादव्यात थकलेले बैल आणि रेडे जसे बसकण मारतात तसं जग थकून पडलंय, आमची काळीजं फाटताहेत, वर्ष झालं हत्यार खाली ठेवलेलं नाही. शेतकऱ्याच्या पोरानं आपल्या मनाचा हाल सांगायला बैल शोधला. याला डिप्रेशन म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला तरी याहून नेमकं वर्णन माहीत नाही.

पत्रं तपासली जातात हे कळल्यावर त्यांनी सांकेतिक भाषा काढली. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली आहे, असं लिहिलं की गावाकडच्यानं समजायचं, आणि जमलं तर भरतीला जायचं नाही. तपासनिसांनाही ते लवकरच समजलं. एक तक्रार पुन:पुन्हा येते: जखमी झालो, बरा झालो, आता घरी पाठवतील असं वाटलं होतं, परत खंदकात धाडताहेत. जखम ही सुटकेची वाट मानणाऱ्या माणसाचं मन कुठे पोचलेलं असतं? १९१५ संपता संपता हिंदी पायदळ फ्रान्समधून हलवलं, आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पाठवलं.

मराठी माणसाचा थेट संबंध मेसोपोटेमियाशी जास्त. तिथे कूट अल अमारा गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली डिव्हिजन होती सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळपास पाच महिने. टायग्रिसच्या वळणावरचं एक मातीचं गाव, त्याच्या तोंडाशी आडवे खंदक, पाऊस आणि पूर आला की पाण्यानं भरणारे. रसद संपली. घोडे, खेचरं कापली, पण बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस शेवटच्या आठवड्यांपर्यंत खाल्लं नाही. त्यांच्यात स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाअभावी होणारा आजार पसरला, हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं. लोक रानात उगवलेला पाला खुडून शिजवून खाऊ लागले. शेवटी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली, त्यात हिंदीच जास्त. मग वाळवंटातून पायपीट आणि कैद, ज्यातून हजारो परतले नाहीत. यांतल्या कुणाच्या घरी 'मला काही झालं नाही' असं पत्र आलं असेल, तर ते पत्र मला बघायचंय.

"घरी आले, नांगराला हात घातला"

ब्रिटनमध्ये युद्ध संपून तीन वर्षं झाल्यावर, १९२१ मध्ये, सुमारे ६५,००० माजी सैनिक मज्जातंतूंच्या आजारासाठी पेन्शन घेत होते. १९१९ मध्येच अशा सैनिकांसाठी एक स्वतंत्र कल्याणसंस्था काढावी लागली, ती आजही काम करते. १९२२ मध्ये सरकारी समितीनं शेलशॉकवर मोठा अहवाल दिला. हे सगळं तिथे, जिथे मोजायला कुणी होतं.

आपल्याकडे? साताऱ्याचं अपशिंगे घ्या, ज्याला लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. तिथल्या ४६ जणांनी त्या युद्धात जीव गमावला. अशा गावांत ब्रिटिशांनी नंतर संगमरवरी पाट्या बसवल्या. महाराष्ट्रात आणि देशभरात कितीतरी गावांत त्या अजून दिसतात. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे वेशीत, कुठे शाळेत, बऱ्याचदा चुन्याचे हात बसून अक्षरं बुजलेली. मजकूर सगळीकडे जवळपास एकच: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. दोनच आकडे. वजाबाकी केली की परत आलेल्यांची संख्या निघते. ते रात्री झोपत होते का, लग्नातल्या फटाक्यांना गोठ्यात जाऊन बसत होते का, दारू किती पीत होते, बायकोमुलांशी कसे वागत होते, यातलं काही पाटीवर नाही आणि कुठल्या दप्तरातही नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ही जागा रिकामी दिसली, आणि त्यानं तिथे नांगर आणून ठेवला.